पहिल्या मथळ्याखाली

"ताई, सूचना उड्या मारतीया,"
नेमगोंडा मगदूम फोनवर एवढंच म्हणाले
आणि मागं लेथ
लोखंडाची साल काढत राहिली.

उद्यमनगर, तिसरी गल्ली.
पुढं ऑइल इंजिनाचे सुटे भाग,
रिंगा, बुशा, नोझल, तेलकट कागदात बांधलेले.
मागं पत्र्याच्या केबिनीत संगणक,
एंटरची कळ ग्रीसनं काळी.
वेबसाइट मीच केलेली, चार वर्षांपूर्वी.
पहिला हप्ता चेकनं,
दुसरा अजून 'बघू की'.

पान उघडलं.
पिवळी पट्टी वर आली,
पापणी लवेपर्यंत घसरली आणि गेली.
"बघितलासा?" काका म्हणाले.
"मांजरागत. हाय, आणि न्हाई."

यात गुपित काही नाही.
पानावरचा पहिला मथळा शोधायचा
आणि असेल ती सूचना
त्याच्याखाली नेऊन बसवायची,
एवढंच यंत्रणेला ठाऊक.
पहिला मथळा म्हणजे पानाचं नाव
असं कुणीतरी धरून चाललेलं, भल्या माणसानं.
पण इथं प्लगिन सतरा.
बिलाचं, कुरियरचं, फोटो बारीक करणारं,
वेग वाढवणारं,
वेग वाढवणाऱ्याला आवर घालणारं.
प्रत्येकाचं चिन्ह मोठं, प्रत्येकाचा मथळा आधी.
सायबर चौकात नाही का,
कुणाच्यातरी वाढदिवसाच्या बारा बाय दहामागं
'पुढे काम चालू'चा बाण
दोन महिने उभा आहे
आणि रोज एक तरी गाडी मागं वळते.

एक बंद, पान ताजं.
एक बंद, पान ताजं.
चहा आला, गार झाला, दुसरा आला.
अकराव्याला पट्टी जागेवर थांबली.

कुरियरवालं.
त्यानं आपलं नाव मथळ्यात लिहून
मथळा कडेच्या एका खणात ठेवलेला,
मिटलेल्या, कुणी कधी न उघडलेल्या.
नियम मुकाट्यानं तिथं जायचा.
मथळा त्याला दिसतो.
माणसाला दिसतो का,
हे त्याला कुणी विचारायला शिकवलेलं नाही.

खण उघडला तर आत दाटी:
'नवी आवृत्ती आली आहे',
'आम्हाला पाच तारे द्या',
'बॅकअप झाला नाही', 'बॅकअप झाला नाही',
आणि तळाशी एक निळी.
ही माझीच सोय, पॅकिंगच्या पोरांना
रात्री निरोप ठेवता यावा म्हणून.

'काका बायकोला सीपीआरला न्हेलंय
शनवारपतोर येत न्हाई
नोझलची पेटी वरच्या फळीवर हाय
जमीर'

तारीख सात मार्च.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्ट.

लेथ कधी थांबली कळलं नाही.
"न सांगता गेला म्हणून
आठ दिवसाचं कापलं म्या त्याचं," काका म्हणाले.
जरा वेळानं, "पेटी म्या महिनाभर हुडकली."
"आणि जमीर?"
"शिरोलीला लागलाय कुठंतर."
मग एकदम, "ते बॅकअपचं काय म्हणतंय?"

बॅकअपचं सांगितलं.
निळ्या पट्टीच्या कपाळावर एक शब्द लिहिला,
की हिला कुणी हलवू नये,
आहे तिथंच राहू द्यावं.
एवढंच काम होतं. चार वर्षांपूर्वीही
एवढंच होतं.
अकरा प्लगिनं परत चालू केली.
आपापल्या जागी भांडत बसली.

काकांनी टेबलाचा खण ओढला.
मला वाटलं, आला माझा दुसरा हप्ता.
त्यांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या,
आठ दिवसांच्या,
रिंगांच्या कागदात गुंडाळल्या
आणि वर नाव घालायला पेन टेकवलं.
तेलावर शाई धरेना.
त्यांनी 'ज' गिरवला.
परत गिरवला.